जुन्या मोहल्ल्याच्या रहिवासी संघात सामील होताना

आपल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बेगमपुऱ्यात आपल्या आजोबांचा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा आहे. नोकरीनिमित्त बरीच वर्षे पुण्यात काढल्यानंतर आपण कुटुंबासह तिथे राहायला आला आहात. मोहल्ल्यात एक जुना रहिवासी संघ असून त्याचे पदाधिकारी वर्गणीसाठी घरी येऊन गेले. त्यात सामील व्हावे का, आणि झाल्यास नेमका कोणता हातभार लावावा, हे आपल्याला ठरवता येत नाही, कारण हा संघ सणावारांपलीकडे फारसे काही करत नाही अशी शेजाऱ्यांची तक्रार आपल्या कानावर आलेली आहे. मी मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि त्या निमित्ताने अनेक मोहल्ल्यांच्या संघांबरोबर बसण्याचा, त्यांचे अर्ज लिहून देण्याचा आणि सुनावण्यांना हजर राहण्याचा मला दीर्घ अनुभव आहे. त्या आधारे सविस्तर लिहितो.

सामील व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सामील होण्याआधी ऐतिहासिक वस्तीतला संघ कशासाठी असतो याचा नीट विचार करावा. माझ्या मते अशा संघाचे पहिले काम एकच आहे : जुन्या घरात राहणे माणसाला परवडेल, सोयीचे होईल आणि सुरक्षित वाटेल अशी परिस्थिती टिकवून धरणे. घरात माणूस राहिला तर माळवदावर दरवर्षी माती पडते, पन्हाळी साफ होतात, आडाचे पाणी उपसले जाते. माणूस निघून गेला की दोन-तीन पावसाळ्यांत तुळयांची टोके कुजतात आणि पुढे त्या वास्तूला कोणताही कायदा वाचवू शकत नाही. वारसा जपण्याची भाषणे आपल्याकडे पुष्कळ होतात. परंतु गटार तुंबलेले, पाणी आठवड्यातून एकदा येणारे आणि भिंतीला ओल लागलेली असेल तर घरातली सून त्या वाड्यात का राहील, या प्रश्नाचे उत्तर ज्या संघाने शोधले, त्याच संघाच्या मोहल्ल्यात आज वाडे उभे आहेत.

आपल्या वस्तीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली, नहरींनी (जमिनीखालच्या जलवाहिन्यांनी) पाणी आणले आणि 1612 मध्ये भडकल दरवाजा उभारला. पुढे 1653 नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत शहर वाढले आणि तटाबाहेरही पुरे (उपनगरे) वसत गेले. खाम नदीच्या अलीकडे मकाई, महमूद आणि बारापुल्ला दरवाजे, पलीकडे पाणचक्की, बेगमपुरा आणि बीबी का मकबरा, असा हा सारा परिसर एकमेकांशी जोडलेला आहे. यांपैकी दरवाजे, मकबरा आणि पाणचक्की यांची नावे सरकारी याद्यांत असतात. त्यांच्यासाठी निधी येतो आणि त्यांच्या दुरुस्तीच्या बातम्याही छापून येतात. दोन दरवाजांच्या मधली गल्ली, तिथली ढाळज (प्रवेशाजवळची बैठक) असलेली घरे, कोपऱ्यावरचा हौद आणि जमिनीखालून जाणारी नहर मात्र बहुधा कोणत्याच यादीत नसतात. त्यांच्या बाजूने बोलणारे तिथले रहिवासीच असतात, आणि एकट्या रहिवाशाच्या अर्जापेक्षा नोंदणीकृत संघाच्या ठरावाला कार्यालयात वेगळे वजन असते.

आता सभासदत्वाकडे वळू. वर्गणी देऊन पावती घेणे म्हणजे सभासद होणे असे समजू नये. अनेक संघ मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराकडून वर्गणी घेतात, पण सभासद नोंदवहीत फक्त जुन्या वीस-पंचवीस जणांचीच नावे असतात. म्हणून सभासदत्वाचा स्वतंत्र अर्ज भरावा, तो कार्यकारिणीच्या सभेत मंजूर झाल्याची नोंद इतिवृत्तात आहे का ते पाहावे आणि नोंदवहीत आपली सही करावी. वर्गणीही वेळेवर भरावी. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला मताचा अधिकार राहत नाही आणि त्याची गणनाही सभासदांत होत नाही. निवडणुकीच्या सभेत याच तरतुदीवर वाद होतात, आणि ज्याने वर्षभर काम केले त्यालाच किरकोळ थकबाकीमुळे बाहेर बसावे लागते.

अर्ज द्यायला जाल त्याच भेटीत आपण संघाच्या सचिवांना नम्रपणे दोन गोष्टी विचाराव्यात. एक म्हणजे शेवटचे लेखापरीक्षण कोणत्या वर्षाचे झाले आहे. आणि दुसरी, धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या परिशिष्ट-१ वर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर, सध्या कोणाची नावे आहेत. महाराष्ट्रात असे संघ सहसा 1860 चा कायदा आणि 1950 चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्हींखाली नोंदलेले असतात, आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. जुन्या मोहल्ल्यांमध्ये हा अर्ज वर्षानुवर्षे दिलेला नसतो. परिशिष्टावर ज्यांची नावे आहेत त्यांतले निम्मे दिवंगत असतात, उरलेले मुलांकडे परगावी असतात, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची नावे कुठेच नसतात. याचा परिणाम लगेच दिसत नाही. एखाद्या दिवशी बँक सह्या मान्य करत नाही, महापालिकेच्या सुनावणीत समोरचा वकील संघाच्या अधिकारावरच हरकत घेतो, किंवा एखाद्या कंपनीकडून मिळणारा सामाजिक दायित्व निधी कागद अपुरे म्हणून परत जातो, तेव्हा तो कळतो. आपण बँकेत नोकरी केली असल्याचे लिहिले आहे. संघाची ही कागदपत्रे मागच्या तारखेपासून आजपर्यंत ओळीने लावून देणे हे आपण संघासाठी करू शकाल असे सर्वांत मोलाचे काम ठरेल, आणि ते करायला मोहल्ल्यात दुसरे कोणी सहसा तयार नसते.

मदत करू इच्छिणाऱ्या नव्या सभासदाला मी नेहमी सांगतो की, दहा कामांची नावे घेण्याऐवजी एकच चिकाटीचे काम अंगावर घ्यावे आणि ते वर्षभर सोडू नये. पत्रव्यवहाराची फाइल हे असेच काम आहे. महापालिकेला दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक क्रमांक असलेली पोच, उत्तर आले असल्यास ते, नसल्यास स्मरणपत्र, आणि त्यानंतर माहितीच्या अधिकारातला दहा रुपयांचा अर्ज, अशा क्रमाने लावलेली फाइल ज्या संघाकडे असते, त्याच्याशी अधिकारी वेगळ्या सुरात बोलतात. बदली होऊन नवा अभियंता आला की आधीच्याने तोंडी दिलेली आश्वासने संपतात. फाइल मात्र संपत नाही. तोंडी बोलणे झाल्यावर त्याच दिवशी ‘आपल्याशी आज झालेल्या चर्चेनुसार’ असे चार ओळींचे पत्र देऊन ठेवण्याची सवय संघाला लावा.

फाइलीइतकाच महत्त्वाचा आहे तो मोहल्ल्याचा नकाशा. एक प्रसंग सांगतो. नहरीच्या मार्गावरच्या एका मोहल्ल्यात केबल टाकण्यासाठी जेसीबीने खोदकाम सुरू झाले. दीड-दोन हात खाली गेल्यावर चुन्यात बसवलेला भाजक्या मातीचा नळ दिसू लागला. ठेकेदाराच्या माणसाला ते जुने ड्रेनेज वाटले आणि तो पुढचा घास घेणार होता. संघाच्या एका सेवानिवृत्त शिक्षकाने काही महिने आधी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारून, जुने हौद, बंबे आणि आड यांची ठिकाणे नगर भूमापनाच्या नकाशाच्या छायाप्रतीवर लाल शाईने मांडून ठेवली होती. तो कागद घेऊन ते खड्ड्यापाशी आले, नळाचा आणि नकाशाचा एकत्र फोटो काढला, प्रभाग अभियंत्याला पाठवला आणि अभियंता येईपर्यंत खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसले. संध्याकाळपर्यंत चराची दिशा बदलली. त्या दिवशी कोणताही कायदा उद्धृत करावा लागला नाही. वेळेवर हजर असलेला माणूस आणि त्याच्या हातातला कागद एवढे पुरेसे ठरले. आपल्या भागातून थत्ते नहर जाते. तिचा मार्ग आणि हौद कुठे आहेत हे सांगू शकणारी पिढी आता थकत चालली आहे, म्हणून हा नकाशा करण्यास उशीर करू नये असे मला मनापासून वाटते. नहर केवळ गुरुत्वाकर्षणावर चालते. एका ठिकाणी नळ फुटला की त्याच्या खालच्या अंगाचे सगळे हौद कोरडे पडतात, आणि फुटलेल्या जागेतून मुरलेले पाणी शेजारच्या घरांच्या पायात शिरते. त्यामुळे नहरीची निगा राखणे हे घरांच्या पायांची निगा राखण्यासारखेच आहे, हे संघातल्या ज्यांना इतिहासाची आवड नाही त्यांनाही पटवून देता येते.

सरकारी प्रक्रियेत संघाची खरी परीक्षा शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा होते. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली आराखडा जाहीर झाल्यावर हरकती व सूचनांसाठी ठरावीक मुदत असते, आणि ती झपाट्याने संपते. जुन्या भागात आराखड्यावरची एक सरळ रेषा म्हणजे दहा-बारा घरांच्या ढाळजा आणि ओसऱ्या, हे नकाशा वाचता न येणाऱ्या माणसाला कळत नाही. रस्ता रुंदीकरणाची खूण करायला माणसे रंगाचा डबा घेऊन गल्लीत आली की मग धावपळ होते. नांदेडमध्ये 2008 च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या तयारीत जुन्या भागातले रस्ते रुंद झाले. तीर्थाच्या आणि बाजाराच्या प्रत्येक जुन्या गावावर, मग ते पैठण असो की तुळजापूर, हा दाब कायम असतो. माझे म्हणणे रुंदीकरणाला सरसकट विरोध करावा असे नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी गल्लीत शिरली पाहिजे, ही रहिवाशांचीच गरज आहे. परंतु हरकत नोंदवताना ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिलेले अर्ज गठ्ठ्यात निकाली निघतात. त्याऐवजी त्या रस्त्यावरून जाणारी वाहतूक कोणत्या पर्यायी रस्त्याने वळवता येते, गल्ली एकेरी केल्यास काय साधते, कोणत्या घराचा कोणता भाग किती जातो, हे आकृती काढून दाखवलेला अर्ज सुनावणीत वाचला जातो. मुदतीच्या पहिल्या आठवड्यातच मोहल्ल्याच्या चौकात आराखड्याचा मोठा छापील नकाशा लावून, प्रत्येकाला आपले घर त्यावर बोटाने दाखवता येईल अशी एक सभा घ्यावी. प्रत्येक घरमालकाने स्वतःच्या नावे वेगळी हरकत द्यावी आणि संघाने स्वतंत्र द्यावी; एका कागदावर दोनशे सह्या केल्या तर तो एकच अर्ज धरला जातो.

याच संदर्भात आणखी एक माहिती उपयोगी पडेल. महापालिका कायद्याच्या कलम 29 अ नुसार प्रभाग समितीवर मान्यताप्राप्त स्वयंसेवी व लोकाधारित संस्थांमधून कमाल तीन सदस्य नामनिर्देशित करता येतात. ही तरतूद संघाच्या पदाधिकाऱ्यांना बऱ्याचदा माहीतच नसते. ज्याचे कागद चोख आहेत त्या संघाने आपल्या प्रतिनिधीचे नाव लेखी सुचवून ठेवावे.

मकबऱ्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये एक गैरसमज फार पसरलेला आहे, आणि तो दूर करणे हे संघाचे कर्तव्य आहे. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार स्मारकाच्या संरक्षित सीमेपासून शंभर मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा पट्टा विनियमित आहे. लोक याचा अर्थ ‘इथे वीटसुद्धा हलवता येत नाही’ असा घेतात, घर गळू देतात, किंवा रात्रीतून काँक्रीटचा मजला चढवून मोकळे होतात. प्रत्यक्षात प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नसले तरी 16 जून 1992 पूर्वी अस्तित्वात असलेल्या घराच्या दुरुस्ती व नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि विनियमित पट्ट्यात बांधकामालाही परवानगीने वाव आहे. गटारे, पाणीपुरवठा, सार्वजनिक शौचालये यांची देखभाल तर बांधकामाच्या व्याख्येतूनच वगळलेली आहे. तेव्हा स्मारकाचे कारण सांगून कोणी गटाराचे काम अडवत असेल, तर संघाने ही तरतूद लेखी दाखवावी. आपले घर कोणत्या पट्ट्यात येते हे आधी मोजून घ्या. घर 1992 पूर्वीचे असल्याचा पुरावा म्हणून जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल किंवा नगर भूमापनाचा उतारा जपून ठेवा. संघाने प्रत्येक घराची अशी एकेक पावती गोळा करून तिच्या प्रती ठेवल्या, तर पुढे दुरुस्तीचा अर्ज करताना कोणालाच धावाधाव करावी लागणार नाही.

आता सुरक्षिततेविषयी, कारण या बाबतीत वारसाप्रेमी माणसे कधी कधी डोळेझाक करतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, आणि त्यांतली बहुसंख्य दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदाच्या वजनाखाली सापडली. मराठवाड्यात जुन्या घराविषयी बोलताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. परंतु तिचा अर्थ जुने घर पाडलेच पाहिजे असाही होत नाही. ही घरे कशामुळे कोसळली हे तपासले गेले आणि उपायही पुढे आले. दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकताना जुना थर काढला जात नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या छताचे वजन वाढत जाते. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकत्र बांधणारे आरपार दगड नसतात. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके आधार नसतात. यांतली प्रत्येक उणीव घर न पाडता दूर करता येते.

माळवदाची दुरुस्ती एकदा जवळून पाहावी, म्हणजे संघाच्या मदतीचे स्वरूप लक्षात येईल. चांगला गवंडी आधी वर चढून कुदळीने एक चौकोन उकरतो आणि थर किती आहे ते पाहतो. हातभर जाडी निघाली तरी नवल नसते. मग तो माती एका अंगाने उतरवत जातो, खालचा पाला आणि किलचन (तुळयांवरच्या फळ्या) उघडी करतो, वाळवी लागलेली फळी बोटाने दाबून ओळखतो, तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथे टोकदार सळईने टोचून पाहतो. लाकूड ठणठणीत असेल तर वीतभराहून कमी चाळलेली पांढरी माती पुन्हा पसरून, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून पन्हाळीकडे उतार काढतो. हे काम दहा घरांनी एकत्र करवून घेतले तर मातीची ट्रॉली, मजूर आणि जाणता गवंडी तिघेही परवडतात. एकट्या घराला गवंडी मिळतच नाही, आणि मग घरमालक कंटाळून सिमेंटचा कोबा ओततो, जो वजनही वाढवतो आणि खालची ओल कोंडून लाकूड कुजवतो. उन्हाळ्याच्या अखेरीस मोहल्ल्याची सामुदायिक माळवद-दुरुस्ती भरवणे, हा कोणत्याही संघाने हाती घ्यावा असा सर्वांत फलदायी उपक्रम आहे असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी निधीपेक्षा नियोजन अधिक लागते.

पावसाळ्याच्या तोंडावरच महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या नोटिसा येतात. कलम 264 खालची ही नोटीस काही वेळा खरोखर जीव वाचवणारी असते. काही वेळा मात्र भाडेकरूंना बाहेर काढण्यासाठी ती मागवलेली असते. जुन्या वाड्यांमध्ये मालक एक, भाडेकरू सहा आणि भाडे पन्नास वर्षांपूर्वीचे, अशी परिस्थिती सर्रास दिसते, आणि दोन्ही बाजूंच्या अडचणी खऱ्या असतात. मालकाला त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, आणि भाडेकरूला दुसरीकडे घर परवडत नाही. संघाने इथे कोणाचीही बाजू घेऊ नये. नोंदणीकृत अभियंत्याकडून संरचनात्मक तपासणी करवून घेण्यास दोघांना राजी करावे, खर्च वाटून द्यावा, घर रिकामे करण्याची वेळ आलीच तर प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातल्या जागेचे मोजमाप पंचनाम्यात नोंदले जाईल एवढे पाहावे. ज्या संघाच्या कार्यकारिणीत केवळ घरमालक असतात त्याला हे साधत नाही. आपल्या संघाच्या नियमावलीत भाडेकरूंना सभासदत्व आहे का, हे तपासा. नसेल तर नियमावलीच्या दुरुस्तीची मागणी हा आपला पहिला ठराव असू द्या, कारण मोहल्ल्यात प्रत्यक्ष राहणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे आणि रहिवासी संघ या नावात त्यांचा हक्क आधीच आलेला आहे. स्त्रियांच्या बाबतीतही तेच. पाणी केव्हा येते, कोणते गटार कुठे तुंबते, रात्री कोणत्या बोळात दिवा नसतो, हे त्यांना नेमके ठाऊक असते, आणि सभा मात्र रात्री नऊ वाजता चौकात भरते. सभेची वेळ आणि जागा बदलण्याची सूचना आपण करून पाहा.

शेजाऱ्यांच्या तक्रारीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. जो संघ गणपती, मोहरम, उरूस, नवरात्र या निमित्तांनी का होईना गल्लीतल्या माणसांना एकत्र आणतो, त्याच्याकडे एक भांडवल तयार असते. कोणत्या घरी कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा कुठे नोकरीला आहे, कोणाचे कोणाशी पटत नाही, हे त्या मंडळींना माहीत असते. बाहेरून आलेल्या उत्साही माणसाने पहिल्याच सभेत ‘हे सगळे बंद करा आणि काम करा’ असे म्हटले की दारे मिटतात. त्याऐवजी सणाच्याच जमाखर्चात आपण मदत करावी, त्यात उरलेल्या रकमेतून गल्लीतल्या हौदाची सफाई सुचवावी. बेगमपुऱ्यासारख्या मिश्र वस्तीत तर संघाची कार्यकारिणी सर्व समाजांची असणे ही त्याची ताकद आहे.

या मिश्रपणाचा एक व्यावहारिक फायदाही आहे. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने आपल्याकडची जुनी मिळकतीची कागदपत्रे पुष्कळदा उर्दूत आहेत, काही मोडीत आहेत. मुंतखब (निजामी काळातला इनामाचा दाखला), सनद, इनामाचे कागद वाचू शकणारे वृद्ध गृहस्थ आपल्या गल्लीतच असतील. वस्तीतल्या काही जागा वक्फच्या, काही देवस्थान इनामाच्या असतात, आणि त्यांची नोंद न पाहता केलेला दुरुस्तीचा किंवा विक्रीचा व्यवहार पुढे अडकतो. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय पाणचक्कीच्या आवारात आहे, म्हणजे आपल्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर. तिथल्या नोंदीची नक्कल मागणे अवघड नाही. संघाने एका रविवारी ‘कागद घेऊन या’ अशी बैठक ठेवावी, ज्यांना उर्दू वाचता येते त्यांनी वाचावे, एकाने मराठीत सारांश लिहावा, आणि मूळ कागद त्याच दिवशी मालकाच्या हाती परत द्यावा. मूळ कागद संघाने कधीही स्वतःकडे ठेवून घेऊ नयेत.

पैशांविषयी थोडक्यात लिहितो. वर्गणी कमी ठेवावी आणि ती सर्वांकडून घ्यावी. एका धनिकाच्या देणगीवर चालणारा संघ त्याच धनिकाच्या बांधकामाच्या वेळी गप्प बसतो. रोख रक्कम टाळावी, प्रत्येक खर्चाला पावती असावी आणि वार्षिक सभेत जमाखर्चाचा कागद सर्वांच्या हाती द्यावा.

संघाने आपल्याला सभासदत्व देण्यास टाळाटाळ केली, किंवा तो कागदोपत्रीच उरलेला आहे असे आढळले, तर लगेच दुसरा संघ काढू नका. सात प्रौढ व्यक्ती एकत्र आल्या की नवी संस्था नोंदता येते हे खरे आहे. पण एका मोहल्ल्यात दोन संघ झाले की महापालिकेला दोघांनाही दूर ठेवण्याचे कारण मिळते. आधी लेखी अर्ज द्या, सर्वसाधारण सभा बोलावण्याची मागणी काही जुन्या सभासदांच्या सहीने करवून घ्या, बदल अर्जाचे काम स्वतः करून देण्याची तयारी दाखवा. बहुतेक ठिकाणी पदाधिकारी थकलेले असतात आणि कोणीतरी जबाबदारी घ्यावी याची वाटच पाहत असतात.

शेवटी आपल्या स्वतःच्या वाड्याविषयी. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव असल्याचे आपल्या पत्रातून दिसते. संघाच्या वतीने बोलायला उभे राहण्याआधी नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज करा, आणि पुण्या-मुंबईत असलेल्या काका-आत्यांची संमतीपत्रे या सुट्टीतच घेऊन ठेवा, कारण विकास आराखड्यावरची हरकत असो, दुरुस्तीची परवानगी असो किंवा धोकादायक इमारतीची नोटीस असो, पहिला प्रश्न मालकी कोणाची हाच विचारला जातो. सर्व वारसांच्या सह्या झाल्या की त्या अर्जाची एक प्रत संघाच्या फाइलीतही लावा. गल्लीतल्या ज्या घरांच्या वारस नोंदी राहिल्या आहेत, त्यांना नमुना म्हणून ती दाखवता येईल.